दहा बाय बाराच्या खोलीतला एआर रोबो: चालतो कसा, अडतो कुठे

गाडी खरी, केळ्याची साल खोटी. साल फक्त पडद्यावर आहे, फरशीवर तिचा मागमूसही नाही. तरी पडद्यावर गाडी सालीवरून गेली की फरशीवरची खरी गाडी थबकते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर), म्हणजे कॅमेऱ्याच्या खऱ्या चित्रावर खोट्या वस्तू दाखवण्याचं तंत्र, आणि रोबो यांची सांगड घातलेल्या खेळण्यांची सगळी गंमत या थबकण्यात आहे. डोकेदुखीही त्यातच आहे.

थबकायचं कधी, हे ठरवायला खेळाला दोन गोष्टी सतत माहीत असाव्या लागतात. खरी गाडी या क्षणी कुठे आहे आणि खोटी साल खऱ्या फरशीवर नेमकी कुठे मांडली आहे. चाकं, मोटर, दिवे, आवाज हे सगळं साध्या रिमोटच्या गाडीतही असतं. जास्तीचे पैसे जातात ते जागा ओळखण्याला. म्हणून असं खेळणं विकत घेताना काय किंवा घरी बनवताना काय, पहिला प्रश्न एकच: डोळा, म्हणजे कॅमेरा, कुठे बसवलाय? गाडीत, फोनमध्ये की जमिनीकडे तोंड करून? त्या उत्तरावरून ते खेळणं आपल्या घरात नीट चालेल की नाही, हे बरंचसं आधीच कळतं.

डोळा गाडीत

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे निन्टेन्डोचं 'मारिओ कार्ट लाइव्ह: होम सर्किट'. ते ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १०० डॉलरला बाजारात आलं. छोट्या गाडीवर कॅमेरा, सोबत पुठ्ठ्याच्या चार कमानी आणि खेळायला निन्टेन्डोचाच स्विच कन्सोल. जोडणी करताना कन्सोलच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि गाडी तो स्वतःच्या कॅमेऱ्याने वाचते. नंतर कमानी खोलीत मांडायच्या, गाडी एकदा स्वतः चालवून रस्ता आखायचा, की त्या रस्त्यावर खोटे प्रतिस्पर्धी, नाणी आणि साली हजर होतात. याच जातीचं त्याआधीचं खेळणं म्हणजे २०१० चं पॅरट कंपनीचं एआर ड्रोन. तेही फोनला वायफायने जोडायचं आणि त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या चित्रावर खेळायचं.

या पद्धतीत खेळाला आपल्या खोलीचा नकाशा माहीत नसतो. पक्की खूण फक्त कमानीची. कमान दिसली की गाडी कुठे आहे हे ठाम कळतं, दोन कमानींच्या मधला प्रवास अंदाजाचा. म्हणून कमान वीतभर सरकली तरी आखलेला रस्ता आणि खरा रस्ता यांची फारकत होते. सिंक्रोनाइझेशन बिघडलं, गेम खराब निघाला असं म्हणण्याआधी वर पाहा. पंखा पाचवर असेल तर पुठ्ठ्याच्या कमानी हलणारच. पाय मास्किंग टेपने फरशीला चिकटवले की काम झालं. सेलोटेप नको, पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून निघतो.

निन्टेन्डोने खेळायला सुचवलेली जागा साधारण साडेतीन मीटर बाय तीन मीटर आहे, म्हणजे आपली दहा बाय बारा. मुंबईकराला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की त्यांच्या दहा बाय बारामध्ये दिवाण, चपलांचा स्टँड आणि घडीचं टेबल धरलेलं नाही. चार कमानी एकाच मोकळ्या चौकात कोंबण्यापेक्षा दोन हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये आणि एक स्वयंपाकघराच्या दाराशी अशी मांडणी बरी. मात्र उंबरठा पाहा. इतक्या खाली असलेली गाडी दगडी उंबरठ्यावर चढत नाही.

डोळा फोनमध्ये

ब्रिस्टलच्या रीच रोबोटिक्स कंपनीचा 'मेकामॉन' हा चार पायांचा कोळ्यासारखा लढाऊ रोबो २०१७ मध्ये आला. किंमत सुमारे ३०० डॉलर. फोन रोबोवर रोखायचा, पडद्यावर त्याच्याभोवती खोटे शत्रू दिसतात.

इथे काम दुप्पट आहे. फोनला आधी स्वतःची जागा कळावी लागते, मग रोबोची. स्वतःची जागा फोन दोन वाटांनी काढतो. एक म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रातले ठसठशीत ठिपके: कोपरे, डाग, रंग बदलण्याच्या जागा. एका चित्रातून पुढच्या चित्रात हे ठिपके किती सरकले, त्यावरून फोन किती हलला हे कळतं. दुसरी वाट म्हणजे फोनमधले हालचाल मोजणारे सेन्सर. ते अतिशय चपळ असतात, पण त्यांची चूक साचत जाते आणि काही सेकंदांत हिशेब भरकटतो. कॅमेरा संथ, पण तो ही चूक दुरुस्त करत राहतो. अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचे तयार एआर संच, म्हणजे अ‍ॅपलचं एआरकिट २०१७ मध्ये आणि गुगलचं एआरकोर २०१८ मध्ये आलं, आणि ही जुळवाजुळव साध्या फोनवर सर्वांना फुकट मिळू लागली. मेकामॉनसारखी खेळणी त्याच सुमारास का उगवली, याचं हे एक कारण.

आता आपल्या फरशीकडे या. ठिपके मिळाले नाहीत तर हे सगळं गणित बसत नाही. नव्या टॉवरमधल्या पांढऱ्याशुभ्र चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स एआरच्या दृष्टीने सर्वांत वाईट. त्यांच्यावर डाग नाही, खूण नाही. जे दिसतं ते खिडकीचं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि फोन हलला की तेही हलतं. फोन त्या प्रतिबिंबालाच ठिपका धरून बसतो आणि खोटा शत्रू फरशीवरून घसरत भिंतीत शिरतो. उलट गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या इमारतींमधली मोझेकची फरशी या कामाला अव्वल. दगडाच्या कपच्या वेड्यावाकड्या पसरलेल्या, एक टाइल दुसरीसारखी नाही, पॉलिश उडालेलं. जुन्या पद्धतीच्या नक्षीच्या टाइल्स असतील तर जरा सावध राहा. ठिपके भरपूर मिळतात, पण नक्षी दर आठ-दहा इंचांनी तीच येते, त्यामुळे फोन कधी कधी एका टाइलला शेजारची समजतो.

चकचकीत फरशीवर उपाय स्वस्त आहे: सतरंजी. पट्ट्यापट्ट्यांची नको, कारण पुन्हा तेच ते येतं. फुलापानांची, नाहीतर चार-पाच वर्तमानपत्रांची पानं विस्कळीत चिकटवून. पायांच्या रोबोला सतरंजीच्या सुरकुत्या अडतात, तेव्हा कडा टेपने ताणून घ्या. नुकतीच पुसलेली ओली फरशी मात्र कुठल्याच रोबोला चालत नाही. चमकही येते आणि चाकंही घसरतात.

या पद्धतीची आणखी एक मर्यादा सगळ्यांना खटकते. खोटा राक्षस खऱ्या स्टुलाच्या मागे गेला तर स्टुलाने तो झाकायला हवा. साधा फोन त्याला स्टुलावरच चिकटवल्यासारखा दाखवतो, कारण स्टूल किती लांब आहे हे त्याला ठाऊक नसतं. अंतर मोजणारा लायडार सेन्सर असलेले फोन, उदाहरणार्थ २०२० चा आयफोन १२ प्रो, हे बरंच चांगलं जमवतात. बाकीचे फोन हालचालीवरून अंतराचा अंदाज बांधतात, तोही खेळाने ती सोय वापरली असेल तर. लायडार नसेल तर खेळायच्या जागेतून स्टूल उचलून ठेवा. एवढं पुरतं.

डोळा जमिनीकडे

अ‍ॅन्की कंपनीच्या २०१५ च्या 'ओव्हरड्राइव्ह'मध्ये गाडीच्या पोटाशी इन्फ्रारेड कॅमेरा होता. ट्रॅकच्या तुकड्यांवर छापलेले संकेत वाचून गाडीला आपण कुठे आहोत ते कळायचं. शस्त्रं आणि मारामारी फोनवर, धावणं खऱ्या ट्रॅकवर. काटेकोरपणे पाहिलं तर हे एआर नव्हे, कारण कॅमेऱ्याच्या चित्रावर काही काढलेलं नसतं. पण जागा ओळखण्याच्या बाबतीत तिघांत हीच पद्धत सर्वांत भरवशाची. तिला खोलीतला उजेड, पंख्याची सावली, फरशीची चमक यांचं काही पडलेलं नसतं. फक्त ट्रॅक पुसून ठेवायचा. केस, दोरा आणि धूळ गाडीच्या पोटाखाली गेली की वाचन चुकतं.

उशीर, म्हणजे खरा शत्रू

तिन्ही पद्धतींना एक रोग सारखाच आहे. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांत ३३ मिलिसेकंद जातात. डोळा गाडीत असेल तर चित्र दाबून वायफायवरून पाठवायचं, पलीकडे उलगडायचं, त्यावर साल काढायची, पडद्यावर दाखवायचं, मग हुकूम परत गाडीला पाठवायचा. सगळं मिळून १०० ते १५० मिलिसेकंद सहज होतात. गाडी सेकंदाला एक मीटर धावत असेल तर तेवढ्यात ती १० ते १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. 'मी सालीला लागलोच नव्हतो' असं भांडण होतं, तेव्हा मूल बहुधा खोटं बोलत नसतं.

आपल्या घरात हा उशीर किती, हे मोजता येतं. दुसऱ्या फोनवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन लावा आणि बटणावरचा अंगठा व गाडीचं चाक एकाच चौकटीत येतील असं चित्रण करा. अंगठा दाबला गेल्यापासून चाक हलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. तीस चित्रांच्या आत असेल तर उत्तम. पन्नासच्या पुढे गेलं तर वायफायकडे वळा.

मुंबईतल्या सोसायटीत वायफाय हे एक वेगळंच प्रकरण आहे. फोनवर यादी उघडली तर शेजारपाजारची वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे पंचवीस घरं तीन गल्ल्यांतून गाड्या हाकतायत. त्यात मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुणगुणतो. रोबो राउटरमार्फत जोडला जात असेल तर राउटर खेळाच्या खोलीत आणून ठेवा. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर टाका, म्हणजे २.४ चा मार्ग रोबोला मोकळा राहतो. वायफाय अ‍ॅनलायझरचं एखादं फुकट अ‍ॅप घेऊन तीनपैकी सर्वांत कमी गर्दीचा मार्ग राउटरमध्ये हाताने निवडा. 'ऑटो'वर ठेवलेला राउटर खेळाच्या मध्येच मार्ग बदलू शकतो.

विकत घेताना

रीच रोबोटिक्स सप्टेंबर २०१९ मध्ये बंद पडली. अ‍ॅन्कीही त्याच वर्षी बंद पडली. खेळण्यातले पाय आणि मोटर धडधाकट, पण मेंदू अ‍ॅपमध्ये. अ‍ॅप नव्या फोनवर चालेना की हातात राहतो तो महागडा पुतळा. तेव्हा जुना साठा किंवा वापरलेला रोबो घेताना आधी आपल्याच फोनवर ते अ‍ॅप उतरवून, उघडून पाहा. खेळायला खातं उघडावंच लागत असेल आणि इंटरनेट बंद केल्यावर काहीच चालत नसेल, तर आमच्या मते घेऊ नये.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवरच्या खेळण्यांसाठी मानक आयएस १५६४४. परदेशातून मागवायचं असेल तर खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ६० वरून ७० टक्के झालं, हे धरूनच हिशेब करा.

घरी बनवायचं तर

विकतच्या तिन्ही पद्धतींपेक्षा चौथी पद्धत घरी सोपी पडते: डोळा वर, माळ्याच्या कडेला. वेबकॅम माळ्यावरून खाली रोखायचा, गाडीच्या डोक्यावर छापील खूण लावायची, गणित लॅपटॉपवर. गाडीवर कॅमेराच नसल्याने ती स्वस्त आणि हलकी होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे सामान एका फेरीत मिळतं: ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा संगणक) १, गिअर असलेल्या पिवळ्या बीओ मोटर २, ६५ मिलिमीटरची चाकं २, पुढे गरगर फिरणारं कॅस्टर चाक १, बोर्डाच्या हुकुमावर मोटरला वीज देणारा टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर १, १८६५० आकाराचे लिथियम सेल २ आणि त्यांचा होल्डर, व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर १, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर १, एक स्विच. दुकानदार एल२९८ ड्रायव्हर पुढे करील. तो जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि तापतो, तेव्हा टीबी६६१२ वर अडून राहा. सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर तो सेल घेऊ नका. या आकारात चांगल्या कंपनीचा सेल ३५०० च्या आसपास असतो. सेल होल्डरमधून काढून चांगल्या चार्जरमध्येच चार्ज करा आणि चार्जर दिवाणाच्या गादीवर नको, फरशीवर.

दोन सेल ओळीने जोडले की ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. बीओ मोटर सहा व्होल्टपर्यंतची, म्हणून प्रोग्रॅममध्ये वेगाची कमाल मर्यादा ७० टक्क्यांवर बांधा. बोर्डाला वीज बक कन्व्हर्टरमधून द्या. कन्व्हर्टर आधी मल्टीमीटरवर ५ व्होल्टला लावून मगच बोर्ड जोडा. जोडून मग स्क्रू फिरवला तर बोर्ड जळतो. कॅपॅसिटर बोर्डाच्या अगदी शेजारी लावा. तो नसेल तर दोन्ही मोटर एकदम उलट फिरवल्या की व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रीसेट होतो आणि वायफाय जोडायला पुन्हा दोन-तीन सेकंद जातात. नवशिक्याला वाटतं वायफाय तुटतंय. खरा दोष विजेचा असतो.

खुणांसाठी ओपनसीव्ही या चित्रं वाचणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधल्या अरुको खुणा (काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या) वापरा, ४ बाय ४ च्या संचातल्या. क्रमांक ० ते ३ मैदानाच्या चार कोपऱ्यांना, क्रमांक ४ गाडीवर. प्रत्येक खूण १० सेंटिमीटरची, भोवती बोटभर पांढरी कड सोडून. कड कापली तर खूण ओळखली जात नाही. लॅमिनेशन करू नका, दिव्याची चमक खुणेला गिळते.

कॅमेरा दोन मीटर उंचीवर आणि त्याची नजर ६० अंशांची असेल तर खाली साधारण २.३ मीटर रुंदी दिसते. चित्र १२८० ठिपके (पिक्सेल) रुंद असेल तर १० सेंटिमीटरच्या खुणेला ५५ ठिपके मिळतात आणि, काळी कड धरून ती सहा चौकोन रुंद असल्याने, एका चौकोनाला नऊ. आता ही गाडी सेकंदाला अर्धा मीटर धावते असं धरा. कॅमेऱ्याचं झाकण (शटर) १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी एक सेंटिमीटर सरकते, म्हणजे साडेपाच ठिपके. चौकोन अर्धाअधिक फासला गेला, खूण हरवली. १/१०० ला हेच तीन ठिपक्यांच्या आत येतं. आणि आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या ट्यूबा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० ला चित्रात पट्टेही येत नाहीत. हा आकडा हाताने पक्का करा, ऑटो बंद. पावसाळ्यात दुपारीच अंधारून येतं तेव्हा एक दिवा जास्त लावा, आकडा बदलू नका.

एक चूक जवळपास प्रत्येकाची होते. कोपऱ्यांच्या खुणा जमिनीवर आणि गाडीची खूण १० सेंटिमीटर उंचावर. माळ्यावरचा कॅमेरा तिरका पाहतो. गाडी त्याच्या पायथ्यापासून दीड मीटर लांब असेल तर उंचीमुळे ती खऱ्या जागेपासून आठ सेंटिमीटर पुढे दिसते. गाडी रेषेच्या आत असते आणि गेम म्हणतो बाहेर गेली. कोपऱ्यांच्या चारही खुणा गाडीच्याच उंचीच्या डब्यांवर ठेवा, चूक नाहीशी होते. मिठाईचे चार सारखे खोके चालतात.

लॅपटॉपवरचं काम असं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत दर चित्रात खुणा शोधायच्या, चार कोपऱ्यांवरून तिरकं चित्र सरळ नकाशात बसवायचं, गाडीची जागा सेंटिमीटरमध्ये काढायची, सालीपासूनचं अंतर तपासायचं आणि हुकूम यूडीपी या पोच न तपासणाऱ्या पद्धतीने सेकंदाला २० वेळा पाठवायचा. पोच तपासणारी टीसीपी पद्धत नको. माहितीचं एक पाकीट हरवलं तर ती जुना हुकूम पुन्हा आणत बसते, आणि शिळा हुकूम चुकीच्या हुकुमाइतकाच वाईट. गाडीच्या बाजूला एक राखणदार ठेवा: ३०० मिलिसेकंद हुकूम आला नाही तर मोटर बंद. तो नसेल तर लॅपटॉप अडकताच गाडी थेट देवघराकडे निघते.

सालीचं वर्तुळ १२ सेंटिमीटर त्रिज्येचं घ्या. गाडीची जागा तपासताना मोजलेली जागा वापरू नका. तिच्यात वेग गुणिले उशीर मिळवा. अर्धा मीटर वेगाला ०.१२ सेकंद उशीर म्हणजे सहा सेंटिमीटर पुढे. वर्तुळात शिरली की दीड सेकंद थांबवा आणि त्याच क्षणी साल यादीतून काढून टाका. काढली नाही तर दीड सेकंदाने सुटलेली गाडी अजून सालीतच उभी असते, लगेच पुन्हा थांबते आणि तिथून हलतच नाही.